हजेरी माणसांची

पुरंदर तालुक्याचा पश्चिमेकडचा भाग किल्ल्याच्या डोंगराला टेकलेला. तिथं पाऊस बरा पडतो. पूर्वेला जेजुरीच्या पुढं सरकावं तसा तो हात आखडता घेतो. वर्षाला 20 इंच पडला तरी साल चांगलं म्हणायचं. या कोरड्या पट्ट्यातल्या एका गावाची ही गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, कारण गोष्टीतली माणसं माझी आहेत. ज्या नियमांवर ती उभी आहे ते मात्र खरे, याच तालुक्यात जन्मलेले.

1972 चा दुष्काळ. गावातले नाना तीस एकरांचे मालक, वाड्यात माणसं नऊ. आक्काकडं जमीन नावाला नाही. नवरा मुंबईला गिरणीत बदली कामगार, कधी चार पैसे यायचे, कधी नाही. घरात ती, सासू आणि दोन पोरं. एरवी ही दोन घरं एका ओळीत कुणी मांडली नसती. त्या वर्षी मात्र दोन्ही घरची माणसं खडीच्या एकाच ढिगावर बसली. नानांच्या मालकीणबाईंनी डोळ्यांपर्यंत पदर ओढून घेतला होता. मुकादम सकाळी हजेरी घ्यायचा, दुपारी सुकडी वाटायचा. तीस एकरवाल्याला एक हजेरी, बिनएकरवालीला एक हजेरी. नानांना दुष्काळापेक्षा हे जास्त लागलं असावं.

त्याच सुमारास पुण्याचे एक इंजिनिअर या दुष्काळी कामांवर हिंडत होते. विलासराव साळुंखे. स्वतःचा कारखाना असलेला माणूस. इतकी माणसं इतके दिवस दगड फोडतात आणि पाऊस आला की पुन्हा तिथंच येतात, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. त्यांनी नायगावला देवस्थानाची सुमारे 40 एकर उजाड, उताराची जमीन कराराने घेतली. उताराला बांध घातले, खाली पाणी अडवलं, त्याच्याखाली विहीर घेतली आणि पाणी उचलून पुन्हा वर शेतात आणलं. 1974 मध्ये या कामासाठी त्यांची ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था उभी राहिली. माळावर ज्वारी डोलायला लागली तशी आसपासच्या गावांतून माणसं बैलगाड्या जुंपून बघायला येऊ लागली.

आमच्या गावचीही गेली. परत आली ती खूश होऊन, पण थोडी गोंधळून. विहीर, मोटर, पाइप हे सगळं कळलं होतं. त्याच्यासोबतचे नियम पचत नव्हते.

पाण्याचा वाटा घरातल्या माणसांवर. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, आणि घरात कितीही माणसं असोत, एका कुटुंबाला अडीच एकरांच्या वर नाही. ऊस आणि त्यासारखी बारमाही पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. पाणी जमिनीला चिकटलेलं नाही. जमीन विकली तर पाणी ती घेणाऱ्याकडं जात नाही, योजनेतल्या लोकांच्या गटाकडं परत येतं. आणि ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा आहे. या सगळ्याला लोक पाणी पंचायत म्हणू लागले होते.

मारुतीच्या देवळात बैठक बसली. नाना उठले. त्यांचं म्हणणं आजही कुणी हसण्यावारी नेऊ नये.

"तीस एकर माझी. विहीर पाडायची जागा माझ्या बांधाला. पाइप माझ्या रानातनं जाणार. आन् मला अडीच एकराचं पाणी? नऊ माणसं हाईत घरात, तुमच्याच हिशोबानं साडेचार एकराचं व्हतंय."

"अडीचच्या वर कुनालाच न्हाय, नाना," कुणीतरी म्हणालं.

"मग जिला ढेकळाएवढी जमीन न्हाय ती पाणी घिऊन काय करणार? पदरात धरणार?"

देवळात हशा पिकला. आक्का बायकांच्या बाजूला खांबाशी बसली होती. ती उठली नाही, बसल्या जागेवरून बोलली.

"नाना, खडीच्या ढिगावर मुकादम हजेरी कशाची लावीत हुता? माणसांची का एकरांची?"

आता इथं गोष्ट सांगणाऱ्याला मोह होतो, की नानांचे डोळे उघडले असं लिहावं. नानांचे डोळे काही उघडले नाहीत. त्यांनी घरी जाऊन हिशोब मांडला. तीस एकर जिरायतीतून दर दोन-तीन वर्षांनी पेरलेलं बीसुद्धा परत येत नव्हतं. अडीच एकर खात्रीचं पाणी त्याहून बरं. शिवाय ते बाहेर राहिले तर विहिरीची जागा दुसरीकडं बघायची गावाची तयारी दिसत होती. ते आत आले ते व्यवहार बघून, आणि माझ्या मते तेच ठीक झालं. मन द्रवल्यामुळं एकत्र आलेली माणसं पुढच्या उन्हाळ्यात पांगतात.

पैशाची गोष्ट आक्काच्या घराला जड गेली. नायगावच्या पद्धतीत निम्मा खर्च सरकारी अनुदानातून, काही भाग बिनव्याजी कर्जातून आणि पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी आधी रोख भरायचा. भरल्याशिवाय पाण्यावर नाव नाही. तिनं दोन शेळ्या विकल्या आणि सासूच्या कानातलं मोडलं. म्हातारी म्हणाली, "माझ्या नावचं अर्धा एकर पाणी हाय ना त्यात? मग मोड." कागदावर अंगठा उठवायला मात्र तिचा हात थरथरला. इथून सुपं लांब नाही. 12 मे 1875 ला तिथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद काढून जाळले होते. या मुलखाला कागदाची भीती तेव्हापासूनची नाही, त्याच्याही आधीची आहे.

पहिल्या रब्बीला मोटर चालू झाली. गटानं पाटकरी नेमला. कुणाच्या रानात किती वेळ पाणी सोडायचं ते त्याच्या वहीत. पाणी स्वतःच्या हातानं वळवायचा अधिकार कुणालाच नाही, नानांनाही नाही. नानांनी अडीच एकरांत गहू आणि कांदा केला. उरलेली साडेसत्तावीस एकर नेहमीसारखी आभाळाकडं बघत राहिली.

आणि आक्काकडं दोन एकरांचं पाणी होतं, रान नव्हतं.

पहिल्यांदा एक छोटा शेतकरी तिच्याकडं आला. म्हणाला, माझ्या जमिनीत तुझं पाणी घाल, तिसरा हिस्सा देतो. ती नाही म्हणाली. गावानं तिला वेडी ठरवली. हस्त जवळ आला, ज्वारीच्या पेरण्या तोंडावर आल्या आणि एका संध्याकाळी नाना तिच्या दाराशी येऊन उभे राहिले. आजवर काम असलं की वाड्यावरून निरोप यायचा, "तिला म्हणावं ये." त्या दिवशी ते स्वतः आले होते आणि आत कुठं बसावं हे त्यांना कळत नव्हतं.

"आक्का, माझ्याकडं रान हाय."

"माझ्याकडं पाणी हाय, नाना."

"बी माझं. औत माझं. मेहनत तुझी."

"निम्मे निम्मे."

"निम्मे लई व्हतंय."

"मग रान असू द्या तसंच. त्याला काय खायला लागतंय?"

नानांनी निम्म्यावर मान हलवली. आक्का म्हणाली, "आन् गटाच्या वहीत लिवायचं. तोंडी नगं."

वहीत लिहिलं गेलं. ज्वारी पोटऱ्यात आली तेव्हा एक पाणी, दाणा भरताना एक. जिरायत ज्वारीला तेवढं पाणी मिळालं तरी पीक हाती लागतं. त्या वर्षी आक्काच्या घरात सबंध वर्षाचं धान्य होतं. नवऱ्याला तिनं निरोप धाडला, की बदली मिळत नसेल तर ये. तो आला नाही. मुंबईची चटक लागली होती. तो भाग या गोष्टीतला नव्हे.

आता उसाकडं वळू. खालच्या अंगाला, निरेच्या कालव्यावर, हिरवागार ऊस होता. महाराष्ट्रात सहकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं तोच येतो: 1950 मध्ये प्रवरेला उभा राहिलेला कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ. त्यांनी केलं ते मोठंच. छोट्या बागायतदाराला सावकार आणि खासगी कारखानदार यांच्या तावडीतून त्यांनी बाहेर काढलं. पण त्या सहकाराच्या दारावर एक उंबरठा होता. कारखान्याचा सभासद व्हायचं तर ऊस हवा, उसाला पाणी हवं, पाण्याला कालव्याखालची जमीन हवी. उंबरठ्याबाहेर राहिलेला माणूस त्याच उसाची तोडणी करायला कोयता घेऊन आत यायचा. हे बोललं की आमच्याकडं काही लोक रागावतात. रागावोत.

नानांच्या मधल्या मुलानं तिसऱ्या वर्षी वाड्याच्या मागच्या रानात गुपचूप अर्धा एकर उसाची लावण केली. बाहेरून दिसू नये म्हणून कडेनं मका पेरला. पाटकरी पोरगा जेमतेम विशीचा, पण वहीशी इमानी. दिलेलं पाणी आणि उभं पीक यांचा मेळ बसेना तेव्हा तो मक्यात शिरला.

पुन्हा देवळात बैठक. या वेळी कुणी हसलं नाही. नाना म्हणाले, "पोराची चूक हाय, दंड घ्या." काहींना दंडावर भागवावंसं वाटत होतं. एवढ्या मोठ्या घराशी वैर कोण घेणार? पण एक जण म्हणाला, "दंड भरून ऊस पिकत असंल तर पैशेवाला दर साली दंड भरंल." निर्णय झाला. ऊस मोडायचा आणि या हंगामापुरतं नानांच्या वाट्याचं पाणी बंद.

"नानांच्या रानातलं सगळं बंद?" पाटकऱ्यानं विचारलं.

इथं मात्र लोक घोटाळले. कारण नानांच्याच रानात, नानांच्या गव्हाला लागून, आक्काच्या दोन एकरांच्या पाण्यावर ज्वारी उभी होती. नानांच्या विरोधातले लोक म्हणाले, सगळंच बंद करा, चांगली अद्दल घडेल. आक्काचं तेवढं नुकसान होईल, तिला गट धान्य देईल. आक्कानं ते मोडून काढलं.

"माझं पाणी माझ्या घरच्या चार माणसांचं हाय. ते नानांच्या रानात वाहतं म्हणून नानांचं हुत न्हाय. त्यांच्यावर राग काढायला माझ्या सासूचं पाणी कशाला तोडता?"

नियम तसाच होता. जमीन आणि पाणी वेगळं. नानांनी पहिल्या बैठकीत ज्या नियमावर सगळ्यात जास्त आवाज चढवला होता, तोच हा.

त्या हंगामात एकाच बांधाच्या अलीकडं नानांचा गहू करपला आणि पलीकडं आक्काची ज्वारी निसवली. मळणी झाली. निम्मी रास आक्काकडं गेली, निम्मी वाड्यात. नानांच्या नऊ माणसांनी त्या वर्षी खाल्लेली ज्वारी आक्काच्या पाण्याची होती. मालकीणबाईंनी ती कणगीत भरताना काय म्हटलं ते मला माहीत नाही. एवढं खरं, की पुढच्या वर्षी वाटणीची बोलणी करायला नाना आक्काच्या दारात गेले तेव्हा ते आत जाऊन बसले आणि चहा घेऊन आले.

पुढं एकदा लेकीच्या लग्नासाठी नानांनी पाच एकर विकायला काढली. शहरातलं गिऱ्हाईक आलं, वाहता पाट बघून भाव बोललं, पाणी सोबत येत नाही हे कळल्यावर निम्म्यावर उतरलं. नाना गटाला शिव्या देत आठ दिवस हिंडले. मग जमीन न विकता गटातल्या लोकांकडून उसने घेऊन लग्न केलं. नाना शेवटपर्यंत म्हणत, "नियम वाईटच हाय." आणि बारी चुकवून कुणी पाणी घेतलं की पाटकऱ्याकडं पहिली तक्रार त्यांचीच असायची.

गोष्ट इथं संपते. पुढचं खऱ्या जगातलं. पुरंदरमधल्या अशा योजना सगळ्याच टिकल्या नाहीत. काही बंद पडल्या, विजेचं बिल भरणं जड गेलं, काही ठिकाणी माणसंच पांगली. विलासराव साळुंखे 2002 साली गेले. 2005 मध्ये महाराष्ट्रानं सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा केला. पाणीवापर संस्थांना पाणी मोजून द्यावं, वाटप त्यांनीच करावं, असं त्यात आहे, आणि ते चांगलंच आहे. पण त्या संस्थेचा सभासद होतो तो लाभक्षेत्रातला जमीनधारक. आक्काचं नाव त्या यादीत बसत नाही.