स्वावलंबनाचा अर्थ

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरातील मंडळी मायेने सांगतात, "काही लागले तर हाक मार." तरीही त्याच्या मनावर एक ओझे राहते. पंखा मंद करायचा आहे, एवढ्यासाठी रात्री दोन वाजता आईला उठवायचे, की तसेच पडून राहायचे? पुष्कळ जण तसेच पडून राहतात, आणि आपण त्यांच्या सोशिकपणाचे कौतुक करतो.

बोललेल्या शब्दावर दिवा-पंखा चालू-बंद करणारी साधने आता मध्यमवर्गीय घरांतही आली आहेत. बोट न लावता, केवळ आवाजावर मोबाइल चालवता येतो. दाराचे कुलूपही उघडता येते. धडधाकटांना जी चैन, तीच ज्याचे हात चालत नाहीत त्याची गरज ठरते. परंतु सेवेची जागा यंत्राने घेतली, तर घरातील ममता आटणार नाही काय, असा प्रश्न काही जण विचारतात.

ह्या प्रश्नाचे उत्तर आपण स्वावलंबन कशाला म्हणतो, ह्यावर अवलंबून आहे. अमेरिकेतील एड रॉबर्ट्‌स ह्यांना १९५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचे शरीर जवळजवळ निकामी झाले. श्वासासाठीही यंत्राचा आधार लागे. हा मनुष्य नोकरी करण्याच्या पलीकडे आहे, असे कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याने ठरविले होते. १९७५ साली ते त्याच खात्याचे संचालक झाले. बर्कली येथे १९७२ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र जीवन केंद्राचे ते अध्वर्यू. त्यांना अखेरपर्यंत मदतनीस लागले. पण मदत कोणती, कधी व कोणाची घ्यायची, हे ते स्वतः ठरवीत. त्यांच्या चळवळीने स्वावलंबन मानले ते ह्या निर्णयाला. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग हक्क करारात हाच विचार आला, आणि भारताने २००७ साली त्याला मान्यता दिली.

ह्या दृष्टीने पाहता, दिवा मालविणारे यंत्र आईची जागा घेत नाही. ते मुलाला एक लहानसा निर्णय परत देते. मग तो हाक मारील ती दिव्यासाठी नव्हे, तर दोन शब्द बोलावेसे वाटले म्हणून.

मात्र यंत्र आणून दिले की आपले कर्तव्य संपले, असे समजणे घातक आहे. यंत्र कूस बदलून देत नाही. वीज गेली, इंटरनेट बंद पडले, की ते मुके होते. ज्याचा उच्चार अस्पष्ट, त्याचे बोल त्याला नीट उमगत नाहीत. घरच्यांना ते उमगतात. शिवाय काळजीपोटी खोलीत कॅमेरा बसविताना त्या माणसाची संमती आपण विचारतो काय? न विचारता बसविलेला कॅमेरा ही पाळतच होय, मग हेतू कितीही चांगला असो.

म्हणून यंत्र खरेदी करण्यापूर्वी त्याच्यापाशी बसून, त्याला कोणते काम स्वतः करावेसे वाटते, हे विचारावे. ह्या प्रश्नाला पैसे लागत नाहीत, आणि अनेक घरांत तो अजून कोणी विचारलेला नाही.