चूक कोणाच्या खात्यावर?

नको तिथे साफसफाई करायची मला जन्मजात खोड. दहा वर्षांचा असताना दिवाळीच्या आवराआवरीत कपाटाखालच्या चार लाकडी चकत्या 'कचरा' म्हणून मी फेकून दिल्या, आणि ते कपाट पुढे वर्षभर डुगडुगत राहिलं. तरी अक्कल आली नाही.

गेल्या महिन्यात पाळी आली संगणकाची. माझ्या भाच्यानं, निखिलनं, त्यावर लिनक्स बसवून दिलं होतं. डिस्कचा नकाशा न्याहाळताना एका कोपऱ्यात ५१२ एमबीचा चिमुकला कप्पा दिसला. आत माझं काहीच नव्हतं. म्हटलं, हा कोण फुकट जागा अडवून बसलाय? संगणकानं बापड्यानं 'नक्की ना?' असं विचारलंही. मी पासवर्ड दिला आणि कप्पा पुसून लख्ख केला.

सकाळी बघतो तर काळा पडदा! सुरू करण्याजोगं काही सापडत नाही म्हणे. आईनं शेवटच्या वर्षी म्हटलेल्या ओव्या त्याच डिस्कवर होत्या. शहाणी माणसं अशा गोष्टींची दुसरी प्रत ठेवतात. मी ताईला फोन ठेवला— म्हणजे लावला, इतका मी गोंधळलो होतो. म्हटलं, "तुझ्या चिरंजीवानं भलतंच काहीतरी बसवलं आणि आईचा आवाज घालवला!" ताई रडायलाच लागली.

रात्री निखिलचा फोन. रागबीग काही नाही. त्यानंच दिलेल्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करायला लावला आणि म्हणाला, "मामा, संगणकाला जाग येते तेव्हा त्याला फॅट नावाची साधी मांडणीच वाचता येते. लिनक्सचा मोठा कप्पा त्याला कळत नाही. म्हणून बूट लोडर त्या छोट्या ईएफआय कप्प्यात असतो. तो मोठ्याला हाक मारतो नि बाजूला होतो. ओव्या जागच्या जागी आहेत, हाक मारणारा तेवढा गेलाय."

तो सांगेल तसं मी टाइप करत गेलो. दोन्ही कप्पे जोडले, ग्रब नावाचा तो हाक्या पुन्हा बसवला. तरी सुरू होताना दीड मिनिट वाट पाहून गाडी अडलीच. निखिलनं दोन नंबर वाचायला सांगितले: एफएसटॅब नावाच्या यादीत लिहिलेला छोट्या कप्प्याचा नंबर आणि कप्प्याचा आताचा नंबर. दोन्ही वेगळे! निखिल क्षणभर गप्प.

"मामा, तू काही पुसलं होतंस का?"

"छे! मी कशाला पुसतोय?"

"बरं. यादीत नवा नंबर लिही."

लिहिला, आणि आई घरात गाऊ लागली.

त्या रात्री झोप येईना. नुकसान भरून निघालं, कोणाला पत्ता नाही, मग कबुली द्यायची कशाला? कबुली म्हणजे स्वतःचं मन हलकं करायची चैन, असाही एक भारदस्त युक्तिवाद मी रचला. जवळजवळ पटलाही. पण पुसल्यानं चूक जात नाही, ती कोणाच्या तरी खात्यावर असतेच. ही निखिलच्या खात्यावर होती, आणि ती नोंद मीच केली होती.

सकाळी त्याला फोन केला. म्हणाला, "माहीत होतं मामा. पुसल्याशिवाय तो नंबर असा बदलत नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"मला माहीत आहे रे. आईला कुठे माहीत आहे?"

नाइलाजानं ताईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कपाटाच्या चकत्या फेकल्यास, तेव्हाही माझंच नाव सांगितलं होतंस."