प्रमाणपत्रानंतरची दोन वर्षे

ओखला, फरिदाबाद, नोएडा, मानेसर या दिल्लीभोवतीच्या औद्योगिक पट्ट्यात आयटीआय, पॉलिटेक्निक आणि कौशल्य केंद्रे दाटीने उभी आहेत. त्यांनी तिथल्या माणसांना आणि कारखान्यांना काय दिले, हे कशावरून ठरवायचे? पाऊणशे वर्षांत याचे उत्तर अनेकदा बदलले.

१९४५ साली केंद्राने पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय सुरू केले ते युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी. फाळणीनंतर निर्वासितही त्याच्या प्रशिक्षण वर्गांत आले आणि १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सर्वांसाठी खुली झाली. तेव्हा जागा किती, एवढेच विचारले जाई; टंचाईच्या काळात ते रास्तही होते. १९५६ मध्ये राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद आली आणि उत्तीर्ण किती, हा प्रश्न पुढे आला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने शिक्षणाला कारखान्याच्या दारापर्यंत नेले.

कम्युनिटी कॉलेजने वेगळाच प्रश्न आणला: आत कोण आले? १९९५ साली पाँडिचेरीत रुजलेली ही कल्पना २००९ मध्ये दिल्लीच्या मैदानगढीतून, इग्नू या मुक्त विद्यापीठामार्फत देशभर पसरू लागली. शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांसाठी ती होती. निवडून घेतलेल्या मुलांचे यश आणि कुणीच न घेतलेल्या मुलाची प्रगती एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे आहे.

२०१५ च्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत रोजगार मोजला जाऊ लागला. पुढच्या आवृत्तीत प्रशिक्षण केंद्राला ३० टक्के रक्कम प्रशिक्षण सुरू होताच, ५० टक्के प्रमाणपत्रानंतर आणि उरलेली २० टक्के नोकरी लागल्यावर मिळे. म्हणजे पैशाचा मोठा भाग नोकरीआधीच हाती येई. मग धडपड प्रमाणपत्रासाठीच होणार. २०१६ मध्ये सरकारने नेमलेल्या शारदा प्रसाद समितीनेही आकड्यांमागच्या या धावण्यावर टीका केली. योजनेच्या चौथ्या आवृत्तीत तर रोजगाराचा पाठपुरावाच थांबला.

मला हे मागे जाणे वाटते. प्रमाणपत्रानंतर नव्वद दिवसांत लागलेली नोकरी चौथ्या महिन्यात सुटली, तर ती मोजून काय साधले? दोन वर्षांनी तो मुलगा कामावर आहे का, पगार वाढला का, मुलगी लग्नानंतरही काम करते का आणि त्याच कारखान्याने त्याच संस्थेतून पुन्हा माणसे घेतली का, हे विचारले पाहिजे. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदींतून काही उत्तरे, विद्यार्थ्यांच्या संमतीने, मिळू शकतात. पण एसी दुरुस्त करणारा किंवा घरोघरी जाणारी ब्यूटिशियन त्या नोंदींत सापडत नाही. त्यांना प्रत्यक्ष गाठावे लागेल. तेही संस्थेने नव्हे, तिच्या निकालाशी हितसंबंध नसलेल्या यंत्रणेने.

पलवलचे श्री विश्वकर्मा कौशल्य विद्यापीठ २०१६ चे आणि दिल्लीचे कौशल्य विद्यापीठ २०२० चे. दोन्ही तरुण आहेत, म्हणून पाठपुराव्याची ही सवय तिथे आताच लावता येईल. त्यावरचा खर्च वायफळ नाही. गरीब घरातला मुलगा कमाईचे एक वर्ष सोडून वर्गात बसतो. त्या वर्षाचा हिशेब त्याला देणे हे आपले कर्तव्य आहे.