बंदूक घडवणाऱ्याचा वाटा

खंडेनवमी-दसऱ्याला खोपोली ते खालापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत लेथला, ड्रिल मशीनला, क्रेनच्या हुकाला झेंडूची माळ चढते. त्याच दिवशी कर्जतच्या ठाकरवाड्यांत कोयता आणि कुऱ्हाड धुऊन, हळदकुंकू लावून मांडली जाते आणि ज्या घरात पीकरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक असेल तिथे तीही पाटावर येते. पूजा करणारा हात अवजारांत भेद करत नाही. पोट भरणारे, घर बांधणारे आणि जीव घेणारे सगळे एका ओळीत बसते. हा उदारपणा मोठा आहे, पण त्यात एक प्रश्न झाकला जातो. बंदुकीने जीव गेला तर बार काढणाऱ्याला दोष लागतो, यावर आपल्या परंपरेत फारसे दुमत नाही. पण ती बंदूक ज्याने घडवली, अडलेला चाप ज्याने मोकळा करून दिला, त्याचे काय? माझे म्हणणे असे की त्याचाही वाटा आहे. तो किती, हे वस्तूच्या घडणीवरून ठरवता येते आणि दुरुस्ती करणाऱ्याचा वाटा कित्येकदा मूळ कारागिरापेक्षा मोठा असतो.

त्यासाठी शिकारीच्या एका विशिष्ट रायफलीकडे पाहू. नेहमीच्या बोल्ट रायफलीत दुसरी गोळी भरायची तर मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची आणि खाली दाबायची. सरळ ओढीच्या रायफलीत यातल्या पहिल्या आणि शेवटच्या हालचाली गाळलेल्या असतात. बोल्ट नुसता मागे आणि पुढे, नजर निशाण्यावरून हलत नाही. जर्मनी-ऑस्ट्रियाकडे हाकारा घालून रानडुकरांची शिकार होते, तिथे ही रचना विशेष आवडीची, कारण जनावर पळत असते आणि दुसऱ्या बाराला क्षणभरच मिळतो. तिचे वजन उतरवले की डोंगर चढताना खांदा सुटतो, पण हलकी नळी हातात जास्त डुलते आणि धक्काही जोराचा देते. शिवाय मूठ फिरवताना जी पिळाची ताकद चेंबरमध्ये घट्ट बसलेली पुंगळी सोडवते, ती सरळ ओढीत कमी पडते. म्हणून चिखल, धूळ किंवा जरा जाडसर काडतूस आले की ती अडते. या प्रत्येक निर्णयात, काय वाचवायचे आणि कशावर पाणी सोडायचे हे ठरवताना, कारागिराच्या डोळ्यांसमोर एक पळते जनावर आहे. ते जनावर रानात दिसण्याच्या कितीतरी आधी आराखड्यात येऊन बसलेले असते.

पण एवढ्याने कारागीर त्या मरणाचे कारण ठरतो का? न्यायशास्त्राच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, कारणाचा विचार फार कसोशीने केला आहे. सतराव्या शतकातल्या विश्वनाथाच्या ‘भाषापरिच्छेदा’त कार्याच्या आधी हजर असूनही कारण म्हणवून घ्यायला लायक नसलेल्या गोष्टी मोजल्या आहेत. त्यांना अन्यथासिद्ध म्हणतात. घटाच्या बाबतीत कुंभाराचा बाप हा असा एक आणि माती वाहून आणणारे गाढव हा दुसरा. दोघेही घटाआधी होते, पण घट त्यांनी केला असे कोणी म्हणणार नाही. बंदूक बनवणारा स्वतःला याच रांगेत उभे करू पाहतो. मी फक्त लोखंडाला आकार दिला, पुढचे ज्याचे त्याने पाहावे! खोपोलीत मिश्र पोलाद ओतणाऱ्या भट्टीवरच्या कामगाराला हे म्हणायचा पुरता हक्क आहे. त्याच्या पोलादातून गिअर होईल, बेअरिंग होईल, कुठे दूर नळीही होईल. पोलादाला ते ठाऊक नाही आणि त्यालाही नाही. तो गाढवाच्या बाजूला सुखाने उभा राहू शकतो. पण नळीत पीळ कोरणारा, बोल्टची ओढ मोजणारा कुंभाराच्या बापासारखा दूर नाही. तो दंड आणि चक्र घडवणारा आहे आणि दंड-चक्राला न्यायशास्त्राने कारणांतून कधीच वगळले नाही. शिवाय मडक्याचे चाक पणत्याही घडवते, रांजणही. शिकारी रायफलीचे चाक एकच मडके घडवते.

यावर शास्त्राधार मागितला तर उत्तर सरळ मिळत नाही आणि मला त्यातच गंमत वाटते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसासाठी होणाऱ्या वधाचे वाटेकरी मोजले आहेत. अनुमती देणारा, तोडणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा. स्वयंपाक्यापर्यंत यादी पोचली, पण शस्त्र घडवणारा त्यात नाही. कारण उघड आहे. ती यादी मांसाच्या वाटेने, पुढच्या दिशेने चालते आणि हत्याराच्या वाटेने मागे वळून पाहत नाही. मागे वळून पाहिले ते श्रमणांनी. बुद्धवचनांत उपासकाने टाळायचे पाच व्यापार सांगितले आहेत, त्यांत पहिला शस्त्रांचा. कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याला कोंढाण्याची लेणी आहेत. बोरघाटाच्या व्यापारी वाटेलगत ती कोरली गेली, तेव्हा घाट चढणाऱ्या तांड्यांना हा नियम भिक्षूंच्या तोंडून ऐकायला मिळत असेल, असे मानायला हरकत नाही. जैनांनी तर हिशेबच मांडला. ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सहाव्या अध्यायात हिंसेचा संकल्प, तिच्या साधनांची जुळवाजुळव आणि प्रत्यक्ष आरंभ अशा तीन पायऱ्या आहेत. मन, वाणी, काया हे तीन मार्ग, स्वतः करणे, करवणे, अनुमोदन देणे हे तीन प्रकार आणि चार कषाय, म्हणजे मनोविकार, यांनी त्यांना गुणले की एकशे आठ भेद होतात. त्यातली मधली पायरी, साधनांची जुळवाजुळव, हे थेट कारागिराचे घर आहे. श्रावकाच्या व्रतांत हिंसेची साधने दुसऱ्याला देणे हा निरर्थक पापाचा वेगळा प्रकारही सांगितला आहे.

पहिला आक्षेप महाभारतातूनच येतो. अनुशासनपर्वाच्या आरंभी गौतमी नावाच्या म्हातारीचा मुलगा साप चावून मरतो आणि अर्जुनक नावाचा व्याध साप बांधून आणतो. साप म्हणतो, मी साधन, मला मृत्यूने पाठवले. मृत्यू काळाकडे बोट दाखवतो आणि काळ म्हणतो, मुलाच्या स्वतःच्या कर्माने त्याला मारले. शस्त्रकाराला हा शेवट फार सोयीचा आहे, कारण मरणाऱ्याचाच दोष ठरला की बाकी सगळे मोकळे. पण त्या वादात व्याधाने घातलेला मुद्दा शेवटपर्यंत कोणी खोडत नाही. मडके घडवण्यात दंड आणि चक्रही कारण ठरतात, तसाच तूही कारण आहेस, असे तो सापाला म्हणतो. त्यावर साप आढेवेढे घेत एवढेच सुचवतो, की दोष असलाच तर तो सगळ्यांच्या समुदायात आहे. मला साप इथे बरोबर वाटतो, फक्त त्याचा निष्कर्ष चुकला. दोष समुदायात आहे म्हणजे तो कोणाचाच नाही असे होत नाही, वाटणी करावी लागते. मी नाही बनवली तर दुसरा बनवील, हा युक्तिवादही त्याच सापाचा. त्याने फार तर जनावराचे मरण टळत नाही एवढे सिद्ध होते. बनवणारा कोण होता, हा प्रश्न तसाच राहतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, कारण तो शेतावरून येतो. कर्जतचे भात-संशोधन केंद्र नवनव्या जाती देते, पण लोंब्या दुधात आल्या की रानडुकरांचा कळप एका रात्रीत वाफा लोळवतो. भात निघाल्यावर वालाचीही तीच गत. हौसेची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने संपली, म्हणजे सरळ ओढीची देखणी रायफल इथल्या रानात चालवायला जागा नाही. उरली ती पीकरक्षणाची ठासणीची बंदूक, जिची सोय १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे आणि उरली वनखात्याच्या परवानगीने होणारी मारणी. इथे साधन पुरवणारा पापी कसा? मी त्याला पापी म्हणत नाही. वाटा असणे आणि अपराधी असणे या दोन गोष्टी आहेत. शेतकऱ्याला जी गरज दोषातून सोडवते तीच त्याच्या कारागिरालाही सोडवील, पण त्यासाठी कारागिराला ती गरज ठाऊक असली पाहिजे. न विचारता हत्यार देणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या गरजेची ढाल पुढे करता येत नाही.

दुरुस्ती करणारा जास्त बांधील का, ते इथे कळते. घडवणाऱ्याला गिऱ्हाइकाचा चेहरा दिसतोच असे नाही. दुरुस्तीवाल्यासमोर माणूस उभा असतो, भात पिकायच्या दिवसांत आलेला, घाईत असलेला. शस्त्र कायद्याचे पाचवे कलम बनवणे, विकणे, बदल करणे, दुरुस्त करणे आणि तपासणे हे सगळे एकाच परवान्याखाली आणते. कायदा इथे धर्मशास्त्राच्या बऱ्याच पुढे आहे, हे कबूल करायला हवे. पण कायदा परवाना विचारतो, कामाची प्रत विचारत नाही. प्रमादाच्या, म्हणजे बेफिकिरीच्या, योगाने प्राण घेणे ती हिंसा, ही जैनांची व्याख्या इथे कामी येते. सर चार्ल्स रॉसची सरळ ओढीची रायफल पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्याने वापरली. १९१५ च्या लढाईत ती चिखलाने आणि जाड काडतुसांनी अडली. तिचा बोल्ट साफसफाईनंतर चुकीचा जोडता येई आणि मग पुरता न अडकताच बार निघे आणि बोल्ट मागे, चालवणाऱ्याच्या तोंडावर येई. १९१६ मध्ये ती मागे घेतली गेली. तिथे मारण्याचा रोख शत्रूकडे होता, घात स्वतःच्या शिपायाचा झाला आणि ते अंतर कारागिराच्या बेफिकिरीने भरले होते. शिकारीत हेच उलट्या बाजूने घडते. नळी नेम धरत नसेल तर डुक्कर मरत नाही, आतडी ओढत रानात शिरते आणि दोन दिवसांनी मरते. ते दोन दिवस शिकाऱ्याच्या खात्यावर टाकायचे की ‘चालतंय की’ म्हणून बंदूक परत देणाऱ्याच्या? मी ते दुसऱ्याच्या खात्यावर टाकीन. मारणे थांबवणे त्याच्या हातात नसेल, तडफड लांबवणे मात्र त्याच्या हातात होते.

या मापाने कातकऱ्याचे धनुष्य सगळ्यांत सोपे प्रकरण आहे. जिथे घडवणारा, नेम धरणारा आणि खाणारा एकच, तिथे वाटणीचा प्रश्न येत नाही. सगळ्यांत अवघड प्रकरण बंदुकीचे नाही, तारेचे आहे. डुकरांसाठी शेताच्या कुंपणात चोरून वीज सोडण्याचे प्रकार राज्यात जागोजागी होतात आणि त्यात जनावरांसोबत गुरे आणि माणसेही गेली आहेत. तिथे नेम धरणाराच नाही, तार रात्रभर स्वतःच जागी. तारेचे भेंडोळे विकणारा दुकानदार एरवी पोलादाच्या कामगारासारखाच निर्दोष, पण गिऱ्हाइकाने तार कशासाठी हवी ते सांगितले आणि त्याने मुकाट्याने मोजून दिली, तर तो दुकानदार राहत नाही. आणि त्याच्याकडे परवाना मागणारे पाचवे कलमही नाही.