कळण्यापूर्वीचे कर्तव्य

ख्रिस्तोफर नोलन या दिग्दर्शकाचा 'टेनेट' हा चित्रपट भारतात ४ डिसेंबर २०२० रोजी प्रदर्शित झाला. महामारीमुळे सात महिने बंद असलेली दिल्लीची चित्रपटगृहे ऑक्टोबरच्या मध्यास निम्म्या आसनांच्या अटीवर उघडली होती. एकाआड एक रिकाम्या खुर्च्यांच्या त्या दालनांतून जी मंडळी मुखपट्ट्या सावरीत बाहेर पडली, ती एकमेकांस एकच प्रश्न विचारीत होती: "तुम्हांस काही कळले काय?" या प्रश्नावर प्रेक्षकांचे जे तट पडले ते अद्यापि मोडलेले नाहीत. एकाचे म्हणणे, असा चित्रपट पूर्वी झाला नाही. दुसऱ्याचे म्हणणे, अडीच तास आमची फसवणूक झाली. आमच्या मराठी बिऱ्हाडांतून तर हा वाद अधिकच रंगला, कारण सप्टेंबर २०१९ मध्ये या चित्रपटाचा काही भाग मुंबईत चित्रित झाला होता. गेटवे, कुलाबा, ब्रीच कँडी पडद्यावर दिसणार आणि डिंपल कापडियांसारखी ओळखीची नटी शस्त्रव्यवहारातील एक धूर्त बाई म्हणून वावरणार, या ओढीने अनेक जण गेले. मुंबई दिसली, बाकीचे काय दिसले, हे मात्र सांगता येईना.

कथा हेरगिरीची आहे. चहाच्या पेल्यात साखर विरघळते. विरघळलेली साखर पुन्हा दाणा होऊन तळाशी बसत नाही. सृष्टीतील ही एकाच दिशेने वाढणारी अव्यवस्था भौतिकशास्त्रात एन्ट्रॉपी या नावाने मोजतात, आणि तिच्या योगेच काळाला दिशा आहे असे मानतात. नोलनने अशी कल्पना लढविली की भविष्यातील लोकांनी ही दिशा उलटविण्याचे यंत्र साधले आहे. मग गोळी भिंतीतून निघून पिस्तुलात परत येते, उलटलेली मोटार रस्त्यावर मागे धावते, आणि उलटलेल्या माणसास आपली हवा श्वासास चालत नाही म्हणून तो तोंडावर मुखवटा चढवून हिंडतो. (२०२० च्या डिसेंबरात तेवढा भाग प्रेक्षकांस समजावून सांगावा लागला नाही.) चित्रपटाचे नावही उलटसुलट सारखेच. पाँपेईच्या अवशेषांत पाच लॅटिन शब्दांचा एक चौकोन सापडला आहे, त्यातील हा मधला शब्द. आपल्याकडे 'चिमा काय कामाची' म्हणून मुले हसतात, त्याच जातीची ही करामत. फक्त नोलनने तीवर कोट्यवधी डॉलर खर्च केले.

तक्रारींपैकी एक आम्ही प्रथमच निकालात काढतो. पात्रे काय बोलतात हे पार्श्वसंगीताच्या गजरात ऐकू येत नाही, हा आक्षेप जगभर घेतला गेला आणि तो रास्त आहे. जे ऐकूच आले नाही ते कळले नाही, यात प्रेक्षकाचा काही उणेपणा नाही. पुढे घरी बसून, पडद्याखाली उमटणाऱ्या संवादांसह ज्यांनी तो पाहिला, त्यांच्यापैकी कित्येकांचे मत पालटले, यावरूनही हे दिसते. दिग्दर्शकास हे दूषण भूषणासारखे वाटत असेल तर तो त्याचा प्रश्न.

परंतु ऐकू येऊनही जे कळत नाही त्याचे काय? चित्रपटाच्या आरंभीच एक शास्त्रज्ञ स्त्री नायकास उलटी गोळी दाखविते आणि सांगते की, हे समजून घेण्याच्या भरीस पडू नका, अनुभवा. प्रेक्षकांची खरी फाळणी येथे होते. काहींनी हा उपदेश आपल्यासाठीच आहे असे मानून शरणागती पत्करली आणि ते सुखी झाले. काहींना तो उद्धटपणा वाटला. तिसरा एक वर्ग आहे, तो या दोहोंहून मोठा असावा अशी आम्हांस शंका आहे: ज्यांस कळले नाही, परंतु न कळल्याचे सांगण्याची लाज वाटली, आणि म्हणून ज्यांनी 'अप्रतिम' या शब्दाआड आश्रय घेतला. साहित्याच्या बैठकीतही हा वर्ग आपण सर्वांनी पाहिलेला आहे.

आम्हांस या वादात जो प्रश्न दिसतो तो चित्रपटाहून जुना आहे. ज्यास सगळे सांगितलेले नाही, त्याने काम करावे काय? आणि केल्यास त्याचे उत्तरदायित्व कोणाचे? नायकास (त्यास चित्रपटात नावही नाही) एक शब्द आणि बोटांत बोटे गुंफण्याची एक खूण, एवढ्या सामग्रीवर जगाच्या रक्षणास धाडले जाते. अधिक सांगणे धोक्याचे, कारण जो जाणतो त्याच्याकडून शत्रूही जाणू शकतो. आम्ही केंद्र सरकारच्या सेवेतील कारकून. आम्हांस यात नवल वाटले नाही. आमच्या मेजावर येणारी फाईल कोठे उगवली आणि कोठे मावळणार, हे आम्हांस बहुधा ठाऊक नसते. आम्ही मधला परिच्छेद लिहितो. सरकारी गुपितांचा कायदा १९२३ चा. तो अद्यापि अमलात आहे, आणि 'आवश्यक तेवढेच जाणावे' ही शिस्त कित्येक कार्यालयांत त्याहूनही पक्की आहे. वाचकांपैकी बहुतेक अधिकारी याच शिस्तीत मुरलेले असल्याने त्यांस अधिक सांगणे नलगे.

दिल्लीहून उत्तरेस निघालेला हमरस्ता नव्वद किलोमीटरांवर पानिपत दाखवितो आणि तसाच पुढे गेल्यास कुरुक्षेत्र. या प्रश्नाची दोन थोर उदाहरणे अशी एकाच रस्त्यावर पडावीत, हा योगायोग येथे राहणाऱ्या मराठी माणसाच्या मनातून जात नाही.

कुरुक्षेत्रावर काळ उलटला होता. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन जे पाहतो ते अद्याप न झालेले युद्ध आहे, आणि तरीही ते होऊन गेलेले आहे: भीष्म, द्रोण, कर्ण मेलेलेच आहेत, तू केवळ निमित्तमात्र हो, असे त्यास सांगण्यात येते. ज्यांस टेनेटमधील 'झाले ते झाले' हे तत्त्व परके वाटले, त्यांनी हा अध्याय पुन्हा उघडून पाहावा. परंतु एक फरक आहे, आणि आमच्या मते तो सर्वांत महत्त्वाचा. अर्जुनास कोणी 'समजून घेऊ नकोस' असे म्हटले नाही. तो शंका काढतो, पुन्हा काढतो, तुझे बोलणे मला गोंधळात टाकते असेही स्पष्ट म्हणतो; आणि त्याच्या प्रश्नांस अठरा अध्याय उत्तरे मिळतात. शेवटी, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर, अशी मोकळीकही मिळते. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांस एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे ते उगीच नव्हे. झालेल्या कर्माचे फळ टळत नाही, हे मान्य करूनही माणसाच्या प्रयत्नास जागा राहते काय, हा प्रश्न ज्याने शिक्षा भोगता भोगता हाताळला, त्याच्या उत्तरास वजन आहे.

पानिपतावर मात्र कोणी विश्वरूप दाखविले नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊसाहेब आणि विश्वासराव पडले. बाळाजी बाजीराव पेशवे त्या वेळी कुमक घेऊन उत्तरेकडे निघालेले होते. जानेवारीच्या अखेरीस वाटेत त्यांच्या हाती एक सावकारी पत्र पडले. त्यात मोत्ये गळाल्याचा, मोहरा हरवल्याचा आणि रुपे व तांबे किती गेले याची गणती नसल्याचा मजकूर होता. हेरगिरीच्या कोणत्याही चित्रपटाने हेवा करावा असे हे सांकेतिक पत्र. परंतु आमचे मन त्या पत्राहून त्याच्या आधीच्या दिवसांपाशी घुटमळते. त्या दिवसांत पेशवे ज्या फौजेच्या साहाय्यास चालले होते ती फौज नव्हती. त्यांच्या जगात भाऊ जिवंत होता, मुलगा जिवंत होता, आणि पुढे चालणे हेच कर्तव्य होते. ते चालणे व्यर्थ होते हे आपण म्हणू शकतो, कारण आपण उलट्या बाजूने येत आहोत. त्यांनी न चालणे हा मात्र अपराधच झाला असता.

उलट्या बाजूने येणाऱ्यास सारेच सोपे दिसते. भाऊने बुणग्यांचे लटांबर बरोबर का बाळगले, सूरजमल जाटाचे का ऐकले नाही, ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतापाशी यमुना उतरला तेव्हा आपल्या चौक्या काय करीत होत्या, हे प्रश्न काला आंबच्या स्मारकापाशी सहलीस गेलेला प्रत्येक मराठी गृहस्थ डबा सोडण्यापूर्वी विचारतो. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत याच सवयीची सुंदर परीक्षा घेतली. विश्वासरावास लागलेली गोळी दुसऱ्या एका जगात त्यांस चाटून जाते आणि तेवढ्याने हिंदुस्थानचा इतिहास पालटतो. ही कथा इंग्रजी रूपात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात अनेक वर्षे होती. येथील आमच्या मुलांनी पानिपत तीतूनच वाचले. काळाचे गूढ एका गोळीत सांगता येते आणि सोळा वर्षांच्या मुलास कळते, हे पाहिल्यावर नोलनचा पसारा थोडा अनावश्यक वाटू लागतो, हे कबूल केले पाहिजे. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात निवर्तले. ज्या काळाच्या बाणाविषयी त्यांनी गणिते मांडली, त्याविषयी ते मराठीत कथाही लिहू शकत होते.

लेखापरीक्षक हाही काळात उलटा चालणारा प्राणी आहे. तो शेवटचे पान आधी वाचतो. हानी किती झाली हे त्यास ठाऊक असते, आणि मग तो पाने मागे उलटीत ज्या टिप्पणीवर येतो ती लिहिणाऱ्यास ते ठाऊक नसते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने हा अधिकार एका परीने प्रत्येक नागरिकास दिला; टिप्पण्यांच्या प्रती तो मागू शकतो. आम्ही याचे स्वागतच करतो. केवळ एवढी अपेक्षा असते की, मागे येणाऱ्याने पुढे जाणाऱ्याच्या डोळ्यांवर काय होते आणि काय नव्हते, हे पाहावे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, हे लेखकाने आपल्या वर्गाचे वकीलपत्र घेतले. तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती सुखाची नाही. १९६१ साली जेरुसलेम येथे आइकमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्यावर खटला चालला. लक्षावधी ज्यूंस मृत्यूच्या छावण्यांकडे नेणाऱ्या आगगाड्यांची व्यवस्था त्याने लावली होती. आपण हुकमाचे ताबेदार होतो, निर्णय आपला नव्हता, हेच त्याचे म्हणणे. त्याचे मेज, त्याची टाचण्या लावलेली कागदपत्रे, त्याची नेमस्त भाषा हे सर्व आमच्या मेजापासून फार दूर नाही, हा विचार आम्हांस अस्वस्थ करतो. गाड्या कोठे जातात हे त्यास पुरते ठाऊक होते; परंतु त्याच्या खालच्या पायरीवर वेळापत्रक आखणारा, शिक्का मारणारा, डबे मोजणारा असेलच ना? त्याला किती ठाऊक होते? आणि रिकामे परतणारे डबे पाहून त्याने का विचारले नाही?

न सांगितलेले अज्ञान आणि न विचारलेले अज्ञान ही आम्ही वेगळी मानतो. पहिल्यात माणूस अडकतो, दुसऱ्यात तो घर करून राहतो. टेनेटचा नायक पहिल्यातला आहे. समजून घेऊ नका असे बजावूनही तो प्रत्येक टप्प्यावर विचारीत राहतो. मुंबईत भिंतीवरून चढून जातो तो विचारण्यासाठीच. शेवटी त्यास कळते की ही सारी यंत्रणा पुढे आपणच उभी करणार आहोत, म्हणजे ज्या वरिष्ठाचा हुकूम आपण पाळीत होतो तो वरिष्ठ आपणच! (सरकारी सेवकास याहून भयंकर स्वप्न पडणे कठीण.) आणि गुप्ततेसाठी एका निरपराध स्त्रीस संपवावे असा जो हिशेब वरून ठरलेला असतो, तो नायक मानीत नाही. तो हिशेब मांडणाऱ्या बाईसच तो ठार करतो, ही रीत आम्हांस पटली नाही. न मानणे मात्र पटले. चित्रपट न कळल्याचे सांगणाऱ्या कित्येक प्रेक्षकांस हा प्रसंग नीट कळला होता. त्यास एन्ट्रॉपी लागत नाही.

राहिला नील. नायकाचा हा मित्र शेवटच्या प्रसंगी सर्व काही जाणून, बंद दाराआडच्या आपल्या मरणाकडे हसतमुखाने परत फिरतो; झाले ते झाले, परंतु म्हणून हातावर हात ठेवून बसता येत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. हा नील कोण, यावर प्रेक्षकांत अद्यापि खल चालतो. ज्या स्त्रीस नायक वाचवितो तिचाच लहान मुलगा मोठा होऊन काळात मागे आला असावा, असा एक तर्क लोकप्रिय आहे, आणि आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी कागदावर आकृती काढून तो आम्हांस दोनदा पटवून देण्याचा यत्न केला. चित्रपटात त्यास निर्णायक आधार नाही, आणि आमचे मत विरुद्ध आहे. तो मुलगा असेल तर त्याचे जाणे ही आईच्या उपकाराची फेड झाली. कोणी परका, आपल्या भागापुरते काम अंगावर घेतलेला असा एखादा सेवक तो असेल, तर त्या दाराकडे परत वळताना त्याच्या मनात काय होते, हे विचारण्याजोगे राहते.