भोपाळचे केसपेपर

रोज ३,००० पानं, म्हणजे सगळी संपायला साधारण ५५० दिवस. २०२५ च्या सुरुवातीला मध्य प्रदेश उच्च न्यायालयापुढे हा हिशोब मांडला गेला. भोपाळ मेमोरियल हॉस्पिटलमधली २०१४ पूर्वीची कागदपत्रं इतकी जीर्ण झाली आहेत की स्कॅनिंगला याहून जास्त वेग देता येत नाही, असं सांगण्यात आलं. गॅसपीडितांच्या वैद्यकीय नोंदी संगणकावर घ्या, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मात्र ९ ऑगस्ट २०१२ चा आहे.

एक जुना केसपेपर हातात घेतला की वेळ कुठे जातो ते कळतं. गंजलेली पिन जपून काढायची, घडीवर फाटायला आलेला कागद सपाट करायचा, मग तो यंत्राखाली सरकवायचा. एवढं करून हाती येतो तो त्या पानाचा फोटो. डॉक्टरांचं अक्षर, औषधांची संक्षिप्त नावं, एकाच बाईच्या नावाची दोन ठिकाणची दोन स्पेलिंगं यातलं काहीही संगणकाला आपोआप उमगत नाही. एका दवाखान्यातली ती आणि दुसऱ्या दवाखान्यातली ती एकच, हे कोणीतरी जुळवून दिल्याशिवाय तिचा आजार सलग दिसत नाही. आरोग्याच्या डेटावर नवं संशोधन उभं करण्याच्या गप्पा आज सगळीकडे चालतात, पण त्याचा पाया हे जुळवणीचं किचकट, कोणाच्या नजरेत न भरणारं काम आहे.

भोपाळमध्ये माहिती गोळाच झाली नाही, असं कोणी म्हणू शकणार नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटलं. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, ८०,०२१ बाधितांचा गट ठरवून १९८५ पासून त्यांचा पाठपुरावा केला. हे काम १९९४ साली थांबलं. त्याचा तांत्रिक अहवाल छापून आला २००४ साली. ज्यांच्या फुप्फुसांबद्दल तो होता, त्यांची मधली दहा वर्षं त्याच्याविना गेली.

पुढे २०१० साली आयसीएमआरचीच पर्यावरणीय आरोग्य संशोधन संस्था भोपाळात सुरू झाली. तिने गॅसबाधित आयांच्या १,०४८ आणि अबाधित आयांच्या १,२४७ बाळांची तपासणी केली. पहिल्या गटात जन्मजात व्यंगांचं प्रमाण ९ टक्के निघालं, दुसऱ्या गटात १.३ टक्के. अभ्यासाच्या पद्धतीत दोष आहेत असं ठरवून परिषदेने तो प्रसिद्ध केला नाही. २०२० साली माहिती अधिकारातून कागद मिळवून गॅसपीडितांच्या संघटनांनी हे आकडे जगापुढे आणले. पद्धतीत दोष असू शकतात. पण ते दोष इतर शास्त्रज्ञांनी तपासायचे, तर आकडे उघड्यावर हवेत. कपाटात ठेवलेला अभ्यास ना सिद्ध होतो, ना खोडला जातो.

आणि २०२३ साली एक महत्त्वाचा निष्कर्ष आला तो थेट कॅलिफोर्नियातून. गॉर्डन मॅककॉर्ड आणि सहकाऱ्यांनी ‘बीएमजे ओपन’मध्ये लिहिलं की वायुगळतीच्या वेळी भोपाळपासून १०० किलोमीटरच्या आत आईच्या पोटात असलेल्या, १९८५ साली जन्मलेल्या पुरुषांमध्ये कर्करोगाचा धोका सुमारे आठपट दिसतो. सरकारी नकाशावर गॅसबाधित ठरले ते शहरातले ३६ वॉर्ड. त्यांच्या कितीतरी पलीकडचं हे चित्र. या संशोधकांचा मोठा आधार होता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. मुंबईत देवनारला असलेली लोकसंख्या विज्ञान संस्था ते करते, आणि रीतसर अर्ज करणाऱ्या संशोधकाला त्याचा डेटा मिळतो.

या सर्वेक्षणात खासगीपणही जपलं जातं. नावं काढलेली असतात, आणि वस्तीचं नकाशावरचं ठिकाण मुद्दाम थोडं हलवलेलं असतं: शहरात दोन किलोमीटरपर्यंत, खेड्यात साधारण पाचपर्यंत. कोणाचं घर सापडत नाही, पण भोपाळपासूनचं अंतर मोजता येतं. म्हणजे गोपनीयता आणि संशोधन एकाच घरात नांदू शकतात.

तरीही गॅसपीडितांचा संशय समजून घ्यायला हवा. भोपाळ मेमोरियलमध्ये २००४ ते २००८ या काळात औषधांच्या चाचण्या झाल्या, आणि आपण चाचणीत आहोत हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं अनेक रुग्णांनी सांगितलं. अशा शहरात संमतीचा अर्थ कागदावरच्या अंगठ्याहून फार मोठा आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक रुग्णाच्या संमतीवर चालतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मात्र ठरावीक निकष पाळणाऱ्या संशोधनाला सूट दिली आहे. ही सूट पचायची असेल, तर आधी रुग्णाला त्याची स्वतःची फाइल मिळायला हवी, आणि तिच्यावरून काय निष्पन्न झालं तेही त्याच्या भाषेत कळायला हवं. संशोधकासाठी दार उघडताना रुग्णाला बाहेर ठेवण्याची चूक भोपाळने चार दशकं भोगली आहे.

म्हणून त्या लाखो पानांत आधी कोणती स्कॅन करायची, हा नुसता कारकुनी प्रश्न नाही. १९८५ साली जन्मलेला माणूस आज चाळिशीत आहे. तो तपासणीला जातो तेव्हा गरोदर आईला त्या रात्री किती त्रास झाला, ती कुठल्या मोहल्ल्यात होती, हे त्याला आठवून सांगावं लागतं. आई गेली असेल तर तेही नाही. तिचा केसपेपर त्या गठ्ठ्यात कुठेतरी असेल, तर पहिल्या ३,००० पानांत त्याचा नंबर लागायला हवा.