रथाच्या यादीत रस्ता नाही

11 ऑक्टोबर 2020, रविवारची सकाळ. करोनामुळं क्लास बंद होता, फळ्याची जागा लॅपटॉपनं घेतली होती, आणि त्याच लॅपटॉपवर मी मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा केंटकीविरुद्धचा सामना बघत बसलो होतो. बाबा चहाचा कप घेऊन मागं येऊन उभे राहिले.

"काय पाहून राहिला रे?"

"फुटबॉल."

"हातात घेऊन पळून राहिले ना ते!"

अमेरिकन फुटबॉल आहे बाबा, असं मी सांगतोय तोवर आमच्या पोरानं फेकलेला चेंडू केंटकीच्या पोरानं झेलला. असं त्या सामन्यात सहा वेळा झालं. आम्ही 24-2 असे हरलो. ते 2 गुणही आक्रमणाचे नव्हते. आक्रमणाच्या खात्यात शून्य.

'आमच्या' म्हणतोय खरा, पण मिसिसिपीत मी कधी पाऊलही ठेवलेलं नाही. माझा संबंध प्रशिक्षकाशी, माइक लीचशी. 2006 ते 2008 मी टेक्सासच्या लबक गावी टेक्सास टेकमध्ये एमएस करत होतो, आणि लीच तेव्हा तिथं होता. लबक म्हणजे सपाट माळ, डोळ्यांत जाणारी धूळ आणि नजर पोचेल तिथवर कापूस. नागपूरच्या पोराला परकं वाटावं असं तिथं फार काही नव्हतं. 1 नोव्हेंबर 2008 च्या रात्री देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या टेक्सासला आम्ही 39-33 असं हरवलं. घड्याळात एक सेकंद उरला असताना आमच्या संघातल्या क्रॅबट्रीनं चेंडू झेलून रेषा ओलांडली तेव्हा मी विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये एका अनोळखी माणसाच्या गळ्यात पडलो होतो. पीएचडीचा विचार करणाऱ्या माणसानं एका खेळावर इतका जीव टाकावा का, हा प्रश्न आईनं फोनवर विचारलाच.

लीच हा वकिलीचं शिक्षण घेतलेला माणूस, कॉलेजात फुटबॉल खेळलेलाच नाही. हॅल ममी या प्रशिक्षकाबरोबर 1989 मध्ये आयोवा वेस्लियन नावाच्या लहानशा कॉलेजात त्यानं जे आक्रमण घडवलं त्याला पुढं 'एअर रेड' म्हणू लागले. बाकीचे प्रशिक्षक जाडजूड वहीभर चाली ठेवत. याच्याकडं मोजक्याच, आणि त्याच रोज घोटायच्या. त्यातली 'मेश' मला सगळ्यात आवडायची. दोन बाजूंनी दोन खेळाडू मधोमध एकमेकांकडं धावत येतात आणि इतक्या जवळून ओलांडतात की हात पुढं केला तर टाळी वाजावी. त्यांच्या पाठीवर असलेले दोन बचावपटू आदळू नये म्हणून थबकतात, आणि त्या अर्ध्या सेकंदात एकजण सुटतो. मैदानावर फार ठरवायचं नसतं. डोळ्यांना दिसेल ते हातांनी करायचं. लबकला सरावाच्या मैदानाबाहेरून जाताना हे बघून मला आमच्या विहारातलं वंदनेचं पाठांतर आठवायचं. अर्थ नंतर, आधी जीभ वळली पाहिजे.

केंटकीच्या आधी बरोबर दोन आठवडे, 26 सप्टेंबरला, मिसिसिपी स्टेटमधल्या पहिल्याच सामन्यात लीचनं आदल्या वर्षीच्या विजेत्या लुइझियाना स्टेटला त्यांच्या घरी 44-34 नं लोळवलं होतं. के. जे. कॉस्टेलो या क्वार्टरबॅकनं 623 यार्ड फेकून, हे संघ ज्या परिषदेत म्हणजे गटात खेळतात तिचा विक्रम मोडला. पुढच्या शनिवारी आर्कान्सासशी गाठ. या संघानं परिषदेतले सलग 20 सामने हरलेले. त्यांनी आम्हाला 21-14 नं हरवलं. मग केंटकी. महिनाअखेरीस अलाबामानं 41-0. लुइझियानाला हरवणारी विद्या गेली कुठं?

गणित अगदी सोपं आहे, आणि गणित शिकवणं हा माझा धंदा. बचावाकडं अकरा माणसं. साधारणपणे चार किंवा जास्त जण चेंडू फेकणाऱ्यावर धावून जातात, मागं फार तर सात उरतात. लुइझियानानं तर एकास एक माणूस लावला होता, म्हणजे 'मेश'ला आमंत्रणच. आर्कान्सासनं तिघांनाच पुढं पाठवलं आणि आठजणांना मागं पसरून ठेवलं. झेलायला जाणारे जास्तीत जास्त पाच, समोर आठ. धावणाऱ्याच्या मागं लागायचं नाही, जागा धरून उभं राहायचं, आणि फेकणाऱ्याच्या डोळ्यांकडं बघायचं. ही युक्ती नवीनही नव्हती. लीच वॉशिंग्टन स्टेटला असताना शेजारचा वॉशिंग्टनचा संघ हेच करून त्याला दरवर्षी हरवत होता. त्या वार्षिक लढतीत लीच 2013 पासून सलग सात वेळा हरला. तिघंच पुढं आले तर चेंडू हातात घेऊन धावावं, हा उतारा सगळ्यांना ठाऊक होता. लीचला तो कधी मनापासून आवडला नाही.

मी हे सगळं बाबांना सांगितलं. बाबा अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांनी मिलिंदप्रश्न हा बौद्ध ग्रंथ तिसऱ्यांदा वाचायला घेतला होता. त्यात नागसेन भन्ते ग्रीक राजा मिलिंदाला विचारतात, महाराज, रथात बसून आलात ना, मग रथ कोणता ते दाखवा. आस म्हणजे रथ का? चाकं? साटा? जू? लगाम? चाबूक? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग या सगळ्यांच्या बाहेर कुठं रथ आहे का? तेही नाही. हे भाग एकत्र आले की रथ म्हणायचं, एवढंच.

"तसंच तुझं ते आक्रमण," बाबा म्हणाले. "दाखव बरं कुठाय ते."

मी दाखवायला गेलो आणि अडकलो. चालींच्या वहीत? ती वही 2020 मध्ये घराघरांत होती. लीचच्या हाताखाली शिकलेले, त्यांच्या हाताखाली शिकलेले, सगळीकडं तीच चालवत होते. त्यामुळं बचाव करणारी पोरंही सरावात रोज तिच्याच विरुद्ध खेळून मोठी झाली होती. कॉस्टेलोच्या हातात? तो हात पंधरा दिवसांत बदलला नव्हता. लीचच्या डोक्यात? तेही तेच.

मग माझ्या लक्षात आलं की नागसेनांच्या यादीत लगाम आहे, चाबूक आहे, पण घोडे नाहीत. रस्ता तर नाहीच. भन्तेंची चूक काढायची माझी लायकी नाही. त्यांना जे सिद्ध करायचं होतं त्याला तेवढी यादी पुरेशी होती. पण चिखलात उभा असलेला रथ बघा. एकही भाग कमी नाही, आणि तरी तो चालत नाही. कारण 'चालणं' त्याच्या भागांत कधी नव्हतंच. त्यातलं निम्मं रस्त्यात होतं. त्या 623 यार्डांत लुइझियानाचा एकास एक लावलेला बचाव भागीदार होता. तो यादीत धरायचा राहून गेला, म्हणून सगळी कमाई आपली वाटली.

हे मला इतकं झोंबायचं कारण फुटबॉल नव्हतं. नागपूरला परतल्यावर मी जेईईचा क्लास काढला. पोरांनी माझ्या एका पद्धतीला 'उलटा गिअर' नाव ठेवलं होतं: प्रश्न सोडवायचाच नाही, पर्यायांकडून मागं यायचं. n पदांच्या बेरजेचं सूत्र विचारलंय? n ला 1 ठेवा, चारपैकी दोन पर्याय तिथंच पडतात; 2 ठेवा, तिसरा पडतो. वीस सेकंदांत उत्तर. या एका युक्तीवर माझ्या क्लासची पाटी दोनदा मोठी झाली. जानेवारी 2020 ला जेईई मेनचा नमुना बदलला. प्रत्येक विषयात 25 प्रश्न, त्यातल्या 5 ना पर्यायच नाहीत, उत्तराचा आकडा स्वतः काढून लिहायचा. परीक्षकानं आठ माणसं मागं नेली! माझी पोरं त्या पाचांपुढं नुसती बसून राहिली. आणि मी पालकांना काय सांगितलं? "यंदाची बॅच जरा नरम आहे."

केंटकीशी हरल्यावर लीचनंही संघातल्या असंतुष्टांना बाहेर काढण्याची भाषा केली. ते वाचून मला हसू आलं, मग लाज वाटली. जिंकताना रथाच्या एका भागाला हार घालायचा आणि अडकल्यावर दुसऱ्या भागाला चाबूक मारायचा. बौद्ध घरात जन्मून, लहानपणापासून अनित्य, अनात्म ऐकून, मी माझ्या युक्तीला आत्मा चिकटवला होता. फॅक्टरीत नव्या पोरांना बाबा सांगत, मशीन बंद पडलं की पहिले करंट आला का पाहा, मग पाना हातात घे. मी बारा वर्षांत एकदाही करंट पाहिला नव्हता.

पण बाबांशी इथं माझं एक भांडण आहे, आणि ते अजून मिटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, बुद्धानं सांगितलंय, नदी ओलांडल्यावर तराफा डोक्यावर घेऊन फिरू नका. तुझ्या त्या प्रशिक्षकाचं उपादान, म्हणजे आसक्ती, सुटत नव्हतं. माझं म्हणणं, ओलांडली कुठं होती त्यानं नदी? तो मध्यावर होता. मध्यावर तराफा सोडणाऱ्याला अनासक्त म्हणत नाहीत.

पुढं काय झालं ते बघा. लीचनं चाली बदलल्या नाहीत. 2021 मध्ये विल रॉजर्स नावाच्या पोरानं लांब फेकण्याची हाव सोडली. समोर आठ आहेत ना, मग त्यांच्या पुढ्यात चार यार्ड, पाच यार्ड, पुन्हा चार यार्ड. 13 नोव्हेंबरला ऑबर्नच्या मैदानावर 28-3 असे मागं पडूनही ते 43-34 नं जिंकले. विद्यापीठाच्या इतिहासात एवढी पिछाडी कुणी भरून काढली नव्हती. वही तीच होती, फक्त आता समोरच्याला मोजून खेळत होते. याला श्रद्धा म्हणायचं की आसक्ती? निकालावरून ठरवायचं म्हटलं तर पुन्हा रथाला हार घालणंच झालं. मला वाटतं, फरक माणूस काय धरून बसलाय यात नाही, धरताना तो कुठं बघतोय यात आहे. बाबांना हे पटत नाही. "पळवाट आहे," म्हणतात. असेल. 'उलटा गिअर' मी अजून शिकवतो, पण मार्चनंतर, आधी सरळ गिअर आला की.

12 डिसेंबर 2022 ला लीच गेला, वयाच्या 61 व्या वर्षी. 2 जानेवारीला टॅम्पात त्याच्या संघाचा इलिनॉयशी सामना होता. दुसऱ्या दिवशी मी बाबांना त्यातली सुरुवात दाखवली. मिसिसिपी स्टेटची पहिली चाल. पोरं एअर रेडच्या रचनेत पसरून उभी राहिली आणि उभीच राहिली. चेंडू हललाच नाही. घड्याळ शून्यावर आलं, पंचानं दिरंगाईचा दंड पुकारला, आणि इलिनॉयनं तो घ्यायला नकार दिला.

बाबांनी चष्मा पुसला आणि ती चाल पुन्हा दाखवायला सांगितली. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर म्हणाले, "समोरचे चांगले होते रे."